बातमीदाराच्या हाती काय द्यायचं?

दैनिकाच्या कोणत्याही जिल्हा कार्यालयात दुपारनंतर प्रेसनोटांचा ओघ सुरू होतो. पूर्वी त्या हाताने आणून दिल्या जात, आता व्हॉट्सअॅपवर येतात. मजकूर मात्र फारसा बदललेला नाही. अमुक संस्थेच्या वतीने तमुक शाळेत वह्यावाटप, आरोग्य शिबिरात इतक्या रुग्णांची तपासणी, मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन, मग व्यासपीठावरच्या पंधरा-वीस जणांची नावं, शेवटी सूत्रसंचालन कोणी केलं आणि आभार कोणी मानले. उपसंपादक त्यातून चार ओळी काढतो आणि ‘संक्षिप्त’मध्ये टाकतो; जागा नसेल तर तेही होत नाही. दुसऱ्या दिवशी संस्थेतली मंडळी पान चाळतात आणि म्हणतात, वृत्तपत्रांना चांगल्या कामाची कदर नाही, राजकारण आणि गुन्हेगारी यांपलीकडे त्यांना काही दिसत नाही. ही तक्रार अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल संस्थांनी स्वतःच विचार करायला हवा, कारण त्या प्रेसनोटमध्ये वाचकाला नव्याने कळण्यासारखं काही नसतं. ज्या शाळेत वह्या वाटल्या तिथे शिक्षक किती आहेत, शिबिरात तपासलेल्यांपैकी किती जणांना कोणता आजार निघाला, त्यांना पुढे उपचार मिळाले का, याचा त्यात पत्ताच नसतो. संस्थेने फक्त आपला कार्यक्रम कळवलेला असतो, आणि कार्यक्रम पार पडला या गोष्टीत तो करणाऱ्यांपलीकडे कोणाला रस असण्याचं कारण नाही.

स्वयंसेवी संस्थेजवळ बातमीदाराला देण्यासारखी एक गोष्ट मात्र असते, आणि ती दुसऱ्या कोणाजवळ सहसा नसते. ती म्हणजे एका जागी वर्षानुवर्षं राहून मिळालेली माहिती. तालुक्याचा वार्ताहर एका दिवसात बाजार समितीची निवडणूक, रस्त्यावरचा अपघात, आमदाराचा दौरा आणि शाळेचं स्नेहसंमेलन असं सगळं सांभाळतो. अनेकांना मानधन नावापुरतं असतं आणि दिवाळीच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात असतं. एखाद्या पाड्यावर चार महिने राहून तिथलं रेशन नेमकं कुठे अडतं हे शोधणं त्याला इच्छा असूनही जमत नाही. संस्थेच्या कार्यकर्त्याला ते रोजच्या कामातून कळलेलं असतं. ही माहिती नीट गोळा करून, तपासता येईल अशा रूपात बातमीदाराच्या हाती देणं हेच माध्यमांशी नातं जोडण्याचं खरं काम आहे. प्रसिद्धी मागायला गेलेल्या संस्थेला चार ओळी मिळतात. जी संस्था प्रश्नाची माहिती घेऊन जाते, तिच्याकडे बातमीदार पुढच्या वेळी आपणहून येतो. हे नुसतं आदर्शाचं बोलणं नाही. आपल्या देशात आणि आपल्या राज्यात ते घडलेलं आहे.

गडचिरोलीचं उदाहरण घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. संस्थेच्या कामाचा पाया पहिल्यापासून मोजणीचा होता. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचं आढळलं, आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. लोकसंख्या नियंत्रणाचा गजर चाललेल्या त्या काळात, ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, हे सांगायला एवढे दोन आकडे पुरेसे होते. याच संस्थेने नंतर गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाला कापडाच्या झोळीत घालून काट्यावर वजन करायचं, मिनिटभरातले श्वास मोजायचे, श्वास जास्त भरले तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा, बाळाला ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर उपचार सुरू करायचे, आणि हे सगळं घरात जाऊन लिहून ठेवायचं. ३९ गावांत चाललेल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

या मोजणीचं सार्वजनिक महत्त्व ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवलं. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर ते जणू दर पावसाळ्याचं वेळापत्रकच झालं: बातम्या येत, मंत्र्यांचे दौरे होत, विधिमंडळात गदारोळ होई, आणि दिवाळीपर्यंत सगळं विसरलं जाई. किती मुलं गेली याचं उत्तर सरकारी नोंदीतून येत असे, आणि ती नोंदच अपुरी होती. जन्मून काही तासांत गेलेलं मूल अनेकदा कोणत्याच वहीत येत नाही. घरचे ते नोंदवायला जात नाहीत. कधी ते मृतावस्थेत जन्मलं असं लिहून टाकलं जातं. ‘कोवळी पानगळ’साठी राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या १३ संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांत आणि काही शहरी वस्त्यांत जन्म आणि मृत्यू घरोघरी जाऊन मोजले, आणि सरकारी आकड्यांपेक्षा मृत्यू कितीतरी जास्त असल्याचं दाखवून दिलं. इथे मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की बालमृत्यू हा एका जंगलाचा, एका मोसमाचा आणि एका जमातीचा विषय उरला नाही. तो मैदानी तालुक्यांचा आणि शहरांतल्या झोपडपट्ट्यांचाही झाला. वृत्तपत्रांना आता दौऱ्याच्या पलीकडे विचारण्यासारखा प्रश्न मिळाला होता: तुमचा आकडा आणि यांचा आकडा यांत एवढा फरक का? पुढे राज्य सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडेच दिलं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत २०११ पासून केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर नेली. हे सगळं वृत्तपत्रांमुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. संशोधन, न्यायालयं, कार्यकर्ते, काही जाणते अधिकारी, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण संशोधन नियतकालिकात राहिलं असतं तर विधानसभेत त्याचा उच्चार झाला नसता, आणि मोजणी नसती तर वृत्तपत्रांजवळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत विचारायला काही उरलं नसतं.

दुसरं उदाहरण राजस्थानातलं, आणि ते महाराष्ट्राशी एका धाग्याने जोडलेलं आहे. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरी या गावात राहून अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांचे साथी दुष्काळी कामांवरच्या मजुरांसोबत काम करत होते. १९९० मध्ये तिथे ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ उभं राहिलं. मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. विचारलं की उत्तर येई, तुम्ही काम कमी केलंत, वहीत तसं लिहिलंय. वही दाखवा म्हटलं की उत्तर येई, ती गोपनीय आहे. मग संघटनेने मिळतील तिथून हजेरीपटांच्या नकला मिळवल्या आणि डिसेंबर १९९४ पासून गावागावांत जनसुनवाई सुरू केली. मांडव घालायचा, माइक लावायचा, आणि हजेरीपट मोठ्याने वाचायचा. अमुक माणसाने इतके दिवस काम केलं आणि इतके रुपये उचलले, असं वाचलं की तो माणूस गर्दीतून उठून सांगे, मी त्या कामावर कधी गेलोच नाही. कुठे गाव सोडून गेलेल्यांची नावं निघत, कुठे मेलेल्यांची. एखाद्या पत्रकाराला यापेक्षा चांगली सामग्री कोणी देऊ शकत नाही. आरोप करणारा समोर, कागद समोर, आणि उलट बोलायचं असेल त्याच्यासाठीही माइक मोकळा. वार्ताहराला कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नव्हता. जे घडत होतं ते तो स्वतः पाहून लिहू शकत होता.

या लढ्यात वृत्तपत्राच्या एका कात्रणालाही मोठं स्थान मिळालं. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत आश्वासन दिलं की पंचायतीच्या कामांची कागदपत्रं लोकांना पाहता येतील. ‘दैनिक नवज्योती’ने ती बातमी छापली. वर्षभरात आदेश निघाला नाही, तेव्हा संघटनेने तीच बातमी हातात घेऊन विचारायला सुरुवात केली: मुख्यमंत्री खोटं बोलतात की वृत्तपत्र? एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरातल्या चांग गेटवर धरणं सुरू झालं आणि ते ४० दिवस चाललं. ‘जनसत्ता’चे प्रभाष जोशी, ज्येष्ठ संपादक निखिल चक्रवर्ती अशी मंडळी तिथे येऊन बसली. मजुरीची मागणी माहितीच्या मागणीपर्यंत कशी पोचली हे त्यांना मजुरांच्याच तोंडून ऐकायला मिळालं, आणि ही मागणी आपल्या व्यवसायाचीही आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी लोकांच्या माहिती अधिकारासाठीची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. अजित भट्टाचार्जी आणि प्रभाष जोशी यांच्यासारखे पत्रकार तिच्या संस्थापकांत होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे तेव्हा प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते. या मराठी न्यायाधीशाच्या पुढाकाराने कौन्सिलने माहिती अधिकार कायद्याचा मसुदा तयार केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने राज्याचा कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी देशाचा कायदा पूर्णपणे लागू झाला. इथे संघटनेने पत्रकारांना ‘आमचं काम छापा’ असं म्हटलेलं दिसत नाही. तिने त्यांना एक प्रश्न दिला, पुरावा दिला, आणि त्या प्रश्नावर त्यांचाही हक्क मान्य केला.

याच्या उलट दिशेने घडलेली गोष्टही आपल्याकडे आहे. अनिल अवचट यांनी ऐंशीच्या दशकात गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. इथे लेखन आधी आलं आणि संस्था मागून. ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दरवर्षी काही संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्यांना धनादेश पाठवतात. मराठी वाचक नीट सांगितलं तर देतो, हे यातून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप संस्थांच्या आतूनच येतो. चांगलं काम गाजावाजा न करता व्हावं, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं मानणारी मोठी परंपरा आपल्याकडे आहे, आणि तिच्याबद्दल आदरच वाटावा अशी ती आहे. पण स्वतःच्या खिशातून गुपचूप देणाऱ्या माणसाला शोभणारा हा नियम सार्वजनिक न्यासाला तसाच लावता येत नाही. संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते, देणगीदाराला तिच्यामुळे करसवलत मिळते, धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद असते. ज्यांच्या पैशावर काम चालतं त्यांना कामाचं काय झालं हे कळायला हवं, आणि ते फक्त वार्षिक अहवालात छापून भागत नाही. शिवाय मौनाची किंमत संस्थेला क्वचितच मोजावी लागते. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना मोजावी लागते. नवजात बाळांच्या मृत्यूंबद्दल गडचिरोलीने विनयाने गप्प राहायचं ठरवलं असतं, तर त्या विनयाचा उपयोग कोणाला झाला असता?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. माध्यमं पैशावर चालतात, आणि पैसा जाहिरातदाराकडे असतो, संस्थेकडे नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापण्याचा प्रकार पी. साईनाथ यांनी उघड केला, आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. जिथे बातमीची जागाच विकली जाते तिथे आदिवासी पाड्याच्या आकडेवारीला जागा कोण देणार? हे मी नाकारत नाही. म्हणूनच ज्यांना जागा मिळत नव्हती त्यांनी ती स्वतः निर्माण केली, हाही मराठी पत्रकारितेचाच इतिहास आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधू’ काढला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवून गिरणी कामगारांचं गाऱ्हाणं मांडलं. त्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा पैसे भरूनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. आजच्या काळात म्हसवडच्या माणदेशी संस्थेने ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवलं आहे. आपलं माध्यम असावंच. पण आपल्या माध्यमातून आपण बहुधा आपल्याच लोकांशी बोलतो, आणि ज्याला पटवायचं असतं तो तिथे नसतो. फेसबुक आणि यूट्यूब यांचंही तेच. संस्थेने स्वतः तयार केलेला व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला तरी जिल्हाधिकारी त्याच्यावर खुलासा मागवत नाहीत. जिल्हा पानावर आलेल्या दोन कॉलमी बातमीवर मागवतात. कारण त्या बातमीमागे संस्थेशी लागेबांधे नसलेल्या एका माणसाने विचारपूस केलेली असते. ही बाहेरची विचारपूस संस्थेला स्वतःच्या घरात तयार करता येत नाही. आणि माध्यम व्यवस्था बिघडलेली असली तरी तिच्यात काम करणारा प्रत्येक माणूस विकला गेलेला नसतो. हाती ठोस काही पडलं तर जागेसाठी डेस्कशी भांडणारे बातमीदार आजही आहेत. त्यांच्या हाती ते ठोस काही द्यायचं की हार आणि नारळाचा फोटो, हे संस्थेने ठरवायचं आहे.

तिसरी शंका भीतीची आहे. संस्था जिल्हा परिषदेच्या शाळेत काम करते, पंचायत समितीच्या परवानगीने अंगणवाडीत जाते, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीवर चालते. खरं बोललं तर दारं बंद होतील. ही भीती खरी आहे, आणि शहरात बसून ती हसण्यावारी नेणं बरोबर नाही. तिच्यावर एकच सरसकट उपाय नाही. तरी फरक पडतो तो मांडण्याच्या रीतीने. ‘अधिकारी भ्रष्ट आहेत’ हे वाक्य संस्थेचं नाव घालून छापलं की भांडण सुरू होतं. ‘या केंद्रात मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, औषधसाठा संपल्याच्या नोंदी या तारखांच्या’ असा माहिती अधिकारात मिळालेला कागद बातमीदाराच्या हाती दिला आणि संबंधित अधिकाऱ्याचं म्हणणं जरूर घ्या असं त्यालाच सांगितलं, की बातमी कागदाची होते. अनेक अधिकाऱ्यांनाही रिक्त पदांची बातमी हवीच असते, कारण वरच्या कार्यालयाला पाठवलेली पत्रं वाचली जात नाहीत. काही वेळा मात्र गप्प बसणं हेच शहाणपणाचं असतं: बातमीमुळे एखाद्या मजुराचं काम जाणार असेल किंवा तक्रार करणाऱ्या बाईला गावात राहणं मुश्कील होणार असेल, तर त्या दिवशी बातमी नको. हा निर्णय संस्थेने एकटीने घेऊ नये, त्या माणसांना विचारून घ्यावा.

इथे ज्यांच्यासाठी काम चालतं त्या माणसांचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते संस्था सर्वांत जास्त इथेच चुकतात. फोटोग्राफर आला की मुलांना रांगेत बसवायचं, कुपोषित बाळाला कडेवर घेतलेल्या आईला पुढे करायचं, विधवेला साडी देताना कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं. देणाऱ्याच्या हातातली वस्तू आणि घेणाऱ्याचा चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत, असा अलिखित नियमच होऊन बसला आहे. कायदा याबाबत स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा २०१५ आणि पॉक्सो कायदा २०१२ यांनुसार त्यांच्या कक्षेतल्या मुलांची ओळख माध्यमांत उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीवाचून माध्यमांना द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे. एचआयव्हीबाधितांनाही त्याच वर्षीच्या कायद्याने असं संरक्षण दिलं आहे. पण कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या माणसालाही लाज आणि अभिमान असतो. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. बातमी कुठे येईल, नातेवाईक ती वाचतील का, मोबाइलवर ती किती वर्षं सापडत राहील, हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास बातमीदाराजवळ नसतो. तो संस्थेने आधीच दिलेला असला पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला संस्थेची मदत पूर्वीसारखीच मिळत राहील, हेही तिला आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

आणखी एक धोका प्रसिद्धी चांगली मिळाली की सुरू होतो. मराठी समाजाला देवमाणसं आवडतात. संस्थेवरचा लेख बघता बघता संस्थापकावरचा लेख होतो. त्याने सोडलेली नोकरी, पत्नीची साथ, सुरुवातीचा विरोध, शेवटी पुरस्कार, अशा ठरलेल्या वाटेने तो जातो. अशा लेखांनी अनेक तरुणांना या कामाकडे खेचलं आहे, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्यात घरोघरी जाऊन बाळाचं वजन करणारी आरोग्यदूत दिसत नाही, ज्या कारणाने बाळं मरतात ते कारणही दिसत नाही, आणि वाचक भारावून जाऊन प्रश्न विसरतो. संस्थाही हळूहळू एकखांबी तंबू होऊन बसते. संस्थापक थकला की बातमीदाराजवळ दुसऱ्या कोणाचा नंबरच नसतो. ‘साहेबांशीच बोला’ ही सवय संस्थेने मोडली पाहिजे. ज्या कार्यकर्तीला त्या विषयाचं सर्वांत जास्त कळतं तिने बातमीदाराशी बोलावं, मग तिची भाषा अहिराणी असो, वऱ्हाडी असो की माडिया. वार्ताहर बहुतेक वेळा त्याच मुलखातला असतो, त्याला ती कळते.

बाकीची पथ्यं त्यामानाने सोपी आहेत आणि ती सगळी बातमीदाराच्या स्वातंत्र्याचा मान राखण्यातून येतात. पान लागायच्या ऐन वेळी पत्रक पाठवून सविस्तर बातमीची अपेक्षा करू नये. बातमी छापण्याआधी वाचायला मागू नये. आकडे आणि नावं पुन्हा तपासून द्यायची तयारी मात्र जरूर दाखवावी. पत्रकार परिषदेनंतर भेटवस्तू किंवा पाकीट देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, तिच्या वाटेला जाऊ नये, कारण पाकीट देणाऱ्या संस्थेच्या खऱ्या बातमीवरही मग विश्वास बसत नाही. गावात आलेल्या बातमीदाराला कामाच्या विरोधकांशी बोलू द्यावं. आणि काय जमलं नाही ते स्वतःहून सांगावं. पाणलोटाच्या कामाला दोन वर्षं झाली तरी विहिरींची पातळी वाढली नाही, बचत गटातल्या निम्म्या बायकांनी कर्ज सोडवायला सावकाराकडूनच उचल घेतली, वसतिगृहातल्या मुली बारावीनंतर पुढे गेल्या नाहीत, हे संस्थेच्या तोंडून ऐकलेला बातमीदार तिच्या यशाचे आकडे निःशंकपणे छापतो. देणगीदार पळून जातील असं अनेकांना वाटतं. काही जातीलही. पण अपयश आपणहून सांगितलं तर त्याची कारणं सांगायला संस्थेला जागा मिळते. तेच दुसऱ्या कोणी शोधून काढलं तर ती जागा उरत नाही.

एवढं करूनही बातमी चुकीची येते. आकडा बदललेला असतो, मथळा भडक असतो, न बोललेलं वाक्य अवतरणात असतं. अशा वेळी बहुतेक संस्था दोनपैकी एक करतात: रागावून त्या वृत्तपत्राशी बोलणं सोडतात, किंवा गप्प बसतात. दोन्हींत तोटा आहे. आधी वार्ताहराला फोन करून चूक कुठे आहे ते दाखवावं, कारण मथळा त्याने दिलेला नसतो आणि पुष्कळदा कापाकापी डेस्कवर झालेली असते. मग संपादकांच्या नावे, कागदपत्र जोडून, चार ओळींचा खुलासा पाठवावा. प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत चूक दुरुस्त करणं आणि संबंधितांचं उत्तर छापणं ही वृत्तपत्राची जबाबदारी मानलेली आहे. तेवढ्याने काम झालं नाही तर कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि ती करायला वकील लागत नाही. बातमीत ज्या गावाचं नाव आलं असेल तिथे मात्र खुलासा छापून येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जावं. वृत्तपत्राच्या चुकीचा जाब तिथले लोक वार्ताहराला विचारत नाहीत. रोज त्यांच्यात वावरणाऱ्या कार्यकर्त्याला विचारतात.